दारावर व्हेंटिलेटर करताय? आधी उंची मोजा

मुख्य दाराबद्दल लिहिलं तेव्हापासून निम्मी पत्रं एकाच गोष्टीची, दारावरची ती लाकडी काचेची खिडकी. कोणी तिला व्हेंटिलेटर म्हणतं, कोणी झरोका. त्यातली चार पत्रं आज घेतेय.

प्रश्न: नमस्कार ताई. दापोलीजवळ गावी घर बांधतोय, जोतं झालंय, भिंती चढतायत. पुढचं दार 4 फुटी, दोन झडपांचं. वर व्हेंटिलेटर हवाच हे ठरलंय पण पुढे सगळा गोंधळ. बायकोला रंगीत काचांचा अर्धगोल हवाय, सुतार म्हणतो घरचं फणसाचं लाकूड पडलंय तेच वापरू, बाबा म्हणतात सागाशिवाय नको. काय करावं?

उत्तर: लाकडाचं भांडण जरा थांबवा आणि टेप घ्या हातात. दार 7 फूट उंच. रुंदी 4 फूट म्हणजे पूर्ण अर्धगोल 2 फूट उंच होणार, झाले 9. त्यावर चौकटीची जाडी, त्यावर लिंटेल, म्हणजे वरची भिंत पेलणारा काँक्रीटचा आडवा पट्टा. स्लॅब 10 फुटांवर असेल आणि बीम खाली सव्वा-दीड फूट उतरत असेल तर तुमचा अर्धगोल बीमला जाऊन धडकणार. कौलारू घर असेल, भिंत उंच असेल तर वहिनींची हौस खुशाल पुरी करा. नाहीतर एक फुटाची चपटी कमान करा किंवा सरळ चौकोनी, चौकोनीमध्येही रंगीत काचा छानच दिसतात आणि सुताराचं कामही निम्म्यावर येतं. पण जे काय असेल ते याच आठवड्यात मिस्त्रींना सांगा, कारण ते सगळीकडे 7 फुटांवर लिंटेल ओतून मोकळे होतील आणि मग ते फोडायची भाषा सुरू होईल. ओतलेलं लिंटेल फोडून व्हेंटिलेटर करू नका, अजिबात.

आता लाकूड. फणस वाईट नाही, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरलाय, रंगही जुना होईल तसा सुंदर उतरतो. प्रश्न एवढाच की तो कापून किती दिवस झाले आणि सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवला होता की नुसताच परसात पडला होता. ओलं लाकूड नंतर पीळ खातं. दार पिळलं तर घासतं, सुतार येऊन रंधा मारून जातो, काचेला कुठे रंधा मारणार, ती सरळ तडकते. बऱ्या सॉ मिलमध्ये ओलावा मोजायचं मीटर असतं, तिथे दाखवून घ्या, 12 ते 14 टक्क्यांच्या आसपास आलं असेल तर वापरा, 20 दाखवत असेल तर राहू दे. माझं विचाराल तर चौकट आणि वरचा व्हेंटिलेटर सागाचा, झडपा फणसाच्या, बाबाही खूश आणि घरचं लाकूडही वाया नाही. खर्चाला घाबरू नका, 5 बाय 3 इंची चौकटीत दीड फुटी व्हेंटिलेटर वाढवला तर दोन्ही उभ्या मिळून 3 फूट आणि मधलं आडवं 4 फूट, म्हणजे 7 रनिंग फूट, म्हणजे जेमतेम पाऊण घनफूट लाकूड जास्त. फक्त दार आणि व्हेंटिलेटर मिळून चौकट एकच, अखंड उभ्यांची करून घ्या. दाराची वेगळी आणि वर वेगळं खोकं ठेवून मधे सिमेंट भरलं तर त्या सांध्यातूनच पहिल्या पावसाचं पाणी घरात येतं.

साग घेताना गाभ्याचं तपकिरी लाकूड बघून घ्या, कडेचा पांढरट भाग वाळवी आधी खाते. स्वस्तात मिळणाऱ्या बाहेरच्या देशातल्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग बऱ्याचदा जास्त असतो, पॉलिश मारल्यावर ओळखू येत नाही, म्हणून पॉलिशच्या आधी बघा.

आणि पाऊस! समोर पडवी असेल तर अर्धी काळजी मिटली. नसेल तर वर छज्जा बाहेर काढा आणि दार व खिडकीच्या मधल्या त्या आडव्या लाकडाला वरून बाहेरच्या अंगाला उतार द्यायला लावा, खालच्या बाजूला कडेलगत एक बारीक खाच मारायला लावा म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, मागे झडपेवर ओघळत नाही. काच खाचेत ठासून बसवू देऊ नका, कडेने 2-3 मिलिमीटर मोकळी ठेवा कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. काच पकडणाऱ्या पट्ट्या घराच्या आतल्या बाजूने असू देत, बाहेरून असतील तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन कोणीही काच काढेल.

प्रश्न: ताई, आमचं नागपूरला जुनं घर आहे. दारावरचा व्हेंटिलेटर आहे पण काच पक्की बसवलेली, उघडत नाही. उन्हाळ्यात कूलर लावला की तासाभरात घर चिकचिक होतं. तो उघडता करता येईल का? सासूबाई म्हणतात दारावर उघडी खिडकी नको, लक्ष्मी जाते.

उत्तर: नक्की करा, तुमच्याइतकी गरज क्वचित कोणाला असेल. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलत राहतो, तिला बाहेर जायला वाट नसेल तर घरात फक्त दमटपणा साठतो, आणि गरम हवा तर छताखालीच जमते म्हणून वरची वाट सगळ्यात बरी. चौकट शाबूत असेल तर तीच ठेवा, काच काढा, आत दीड-दोन इंची पट्ट्यांची हलकी सागाची झडप बसवून घ्या. दारावर पोर्च असेल तर बिजागऱ्या खालच्या बाजूला आणि वरून आत झुकेल अशी, दोन्हीकडे पितळी साखळी म्हणजे एकदम डोक्यावर आपटणार नाही. पोर्च नसेल तर उलटं, बिजागऱ्या वर आणि बाहेर उघडणारी, पाऊस आला तरी छपरासारखी आड येते. मच्छरजाळीची वेगळी फ्रेम करा, काढून धुता आली पाहिजे, धुळीने महिनाभरात बुजते आणि मग उघडून काही उपयोग नाही.

लक्ष्मीचं मला ठाऊक नाही, चोराचं ठाऊक आहे. दाराची वरची कडी व्हेंटिलेटरच्या अगदी खाली असेल तर काच फोडून हात घातला की कडी निघते. उभे गज लावा, दोन गजांत 4 इंचांपेक्षा जास्त अंतर नको, आणि ती कडी खाली घ्या. सासूबाईंना म्हणावं तोरणासाठी चौकटीला कायमचे पितळी हुक लावून देते, त्या बहाण्याने सागात लोखंडी खिळे ठोकणंही बंद होईल, त्याने लाकूड काळं पडतं. आणि सागासाठी लांब जायची गरजच नाही तुम्हाला, तुमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नावच मोठं, 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या कामाला बल्लारशाहहून साग गेलं.

प्रश्न: कोल्हापुरात पाडलेल्या एका वाड्याचा व्हेंटिलेटर जुन्या लाकडाच्या वखारीत मिळाला. साग वाटतंय, ऑइल पेंटचे थर आहेत, काही काचा मूळच्या. नव्या घराला बसेल ना?

उत्तर: मस्त वस्तू मिळाली! लाकूड इतकं वाळलेलं आहे की आता पीळ खायची भीती जवळपास नाही. पण भिंतीतल्या जागेच्या मापात बसवायला तो कापू नका, उलट त्याच्या मापाने नवी चौकट करा. विकत घेतला असलात तरी टोकं आणि सांधे ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा पीठ गळालं तर तो भाग बदलावा लागेल. रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर सुताराचं पातं जाईल आणि त्याचं तोंड सुटेल ते वेगळंच.

रंग मात्र कोरडा घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे घरगुती रंगात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2016 च्या नियमांनी घातली, त्याआधीच्या डब्यांचा काही भरवसा नाही. पाणी मारून ओला घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि घरात कोणी गरोदर असेल तर लांब ठेवा, चोथा झाडून अंगणात टाकू नका. मूळ काचा जपा, तशा हलक्या लाटा असलेल्या काचा आता बाजारात मिळत नाहीत. पण त्या फुटल्या तर सुऱ्यांसारखे तुकडे खाली दारातल्या माणसावर पडतात, म्हणून आतून पारदर्शक सेफ्टी फिल्म लावून घ्या. ज्या काचा गेल्यात तिथे लॅमिनेटेड घाला, तुटली तरी मधल्या पापुद्र्याला धरून राहते. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच घ्यायची असेल तर फ्रेम दुरुस्त झाल्यावर माप द्या, भट्टीतून आल्यावर ती एक सूतभरही कापता येत नाही.

प्रश्न: पुण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, एन्ट्रन्स अंधारा. मेन डोअरवर लाकडी व्हेंटिलेटर करायचाय, इंटीरियरवाला हो म्हणतोय.

उत्तर: तो हो म्हणणारच, बिल त्याचं आहे. पॅसेजमध्ये उघडणाऱ्या दारावर साधी काच आणि लाकूड आलं की आग लागल्यावर धूर थेट तुमच्या घरात, किंवा तुमच्या घरातला जिन्याकडे. शिवाय दारावर बहुतेक बीमच असतो आणि त्याला हात लावायचा प्रश्नच नाही. सोसायटीला आणि अग्निशमनाचं काम बघणाऱ्याला लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंही पॅसेजमध्ये दिवसा ट्यूबलाइटच जळत असणार, तिथून उजेड कुठला येणार? त्यापेक्षा हॉल आणि एन्ट्रन्सच्या मधे पार्टिशन असेल तर त्याच्या वरच्या दीड फुटात लाकडी फ्रेम करून काच घाला, बाल्कनीचा उजेड दारापर्यंत पोचेल आणि कोणाची परवानगीही लागणार नाही.