प्रायॉन रोगात मेंदूचा ठरावीक भागच आधी का झिजतो?

आपला प्रश्न असा आहे की, प्रायॉन रोगात, म्हणजे मेंदूतील प्रायॉन प्रथिनाची घडी चुकून ती विकृती पसरत जाते अशा रोगात, बिघडणारे प्रथिन एकच असताना एका रुग्णाची स्मृती आधी जाते, दुसऱ्याचा तोल आणि तिसऱ्याची झोप, हे कसे.

विकृतिशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि त्याआधी एक गैरसमज दूर करावा लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र दिसतो. पण ती छिद्रे म्हणजे मेलेल्या पेशींच्या रिकाम्या जागा नव्हेत, तर बहुतांशी चेतापेशींच्या तंतूंमध्ये फुगलेल्या पोकळ्या असतात. प्रत्यक्ष पेशी मरतात त्या नंतर. त्यांना एकमेकींशी जोडणारे सायनॅप्स त्याच्या कितीतरी आधी नाहीसे होऊ लागतात.

कोणता भाग आधी झिजणार, हे मुख्यतः प्रथिनाची चुकीची घडी नेमकी कशी पडली आहे आणि त्याच्या साखळीत 129व्या स्थानी मेथिओनिन हे अमिनो आम्ल आहे की व्हॅलिन हे, यावर ठरते. क्रॉइट्झफेल्ट-याकोब या माणसातील प्रायॉन रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात त्या जागी बहुधा मेथिओनिनच असते, मोठ्या मेंदूचे बाह्यक लवकर झिजते आणि बुद्धिभ्रंश काही महिन्यांतच टोकाला जातो. जनुकाच्या दोन्ही प्रतींत व्हॅलिन असेल, तर पुष्कळदा लहान मेंदू आधी सापडतो आणि रुग्ण झोकांड्या खाऊ लागतो. पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांमधला कुरू रोगही प्रामुख्याने लहान मेंदूचाच होता. मला सर्वांत विलक्षण वाटते ते 178व्या स्थानावरील उत्परिवर्तन: त्याच प्रतीत 129व्या स्थानी मेथिओनिन असेल, तर सहसा थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेला भाग झिजून प्राणघातक आनुवंशिक निद्रानाश होतो, व्हॅलिन असेल, तर क्रॉइट्झफेल्ट-याकोबचा आनुवंशिक प्रकार.

मात्र जिथे प्रथिन अधिक साचते तिथेच पेशी अधिक मरतात, असे समजू नये. या निद्रानाशात थॅलॅमसमधील चेतापेशींचा मोठा नाश होतो, तरी तिथे साचलेले विकृत प्रथिन अगदी थोडे असते. 2003 मध्ये लंडनच्या संशोधकांनी संसर्ग झालेल्या उंदरांच्या चेतापेशींतले मूळ, निरोगी प्रायॉन प्रथिनच काढून टाकले, तेव्हा इतर पेशींभोवती विकृत प्रथिन साचत राहूनही सुरुवातीच्या पोकळ्या भरून आल्या आणि उंदीर आजारी पडले नाहीत. त्यामुळे खरा घात बाहेरच्या साठ्यापेक्षा चेतापेशीच्या आत चाललेल्या रूपांतरामुळे होत असावा, असे माझे मत आहे.