शरणागतीनंतरचे नऊ महिने

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. जपानने सप्टेंबर १९४५ मध्ये शरणागतीवर सही केली, पण आजोबा साताऱ्याजवळच्या गावी परतले ते जून १९४६ मध्ये. त्यांच्या कागदावर बूट आणि कपडे जमा केल्याचीही नोंद आहे. युद्ध संपल्यावर त्यांना इतके दिवस का ठेवून घेतले असेल?
– एक वाचक, ढोकाळी, ठाणे

उत्तर : आजोबांच्या कागदावर बटालियनचा क्रमांक असेलच, तो आधी पाहावा, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. सहावी बटालियन ऑक्टोबर १९४५ मध्ये जावातील सुराबाया येथे उतरली. शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रे काढून घेणे आणि युद्धकैद्यांना सोडवणे हे तिचे काम होते, पण प्रत्यक्षात तिला इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशीच लढावे लागले. पहिली बटालियन १९४६ मध्ये ताबा-सेनेबरोबर खुद्द जपानमध्ये गेली. हरलेल्या फौजेला निःशस्त्र करायलाही फौज लागते, त्यामुळे जिंकणाऱ्याची पलटण सर्वांत शेवटी मोडते.

बाकीच्यांना अडवले ते जहाजांच्या टंचाईने आणि रांगेने. युद्धाअखेर हिंदी सैन्य सुमारे २५ लाखांवर गेले होते आणि एवढ्या माणसांची नावे एकदम कमी करता येत नाहीत. ब्रिटनने जून १९४५ पासून वय आणि नोकरीचा काळ यांची सांगड घालून गट पाडले व त्या क्रमाने माणसे सोडली. रांग लांबली तरी ती न्याय्य आहे असे वाटले, तर शिपाई थांबतो; तसे वाटेनासे झाले की काय होते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. कोलशेतला तेव्हा शाही हिंदी नौदलाचा ‘अकबर’ हा प्रशिक्षण तळ होता (अकबर कॅम्प रोड हे नाव तिथलेच). १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ तळावर सुरू झालेला नाविकांचा उठाव तिथेही पोचला. त्या उठावाचे निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी आपल्याला आठवते, पण वय व नोकरीनुसार लवकर मुक्तता करावी आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणाव्यात, याही त्यांच्या मागण्या होत्या.

त्याच यादीत आणखी एक मागणी होती, जी वाचून आपल्याला आजोबांच्या कागदावरची ती नोंद आठवेल : नोकरीतून मुक्त करताना अंगावरचे कपडे परत मागू नयेत.