मोरचुदाच्या पिंपात बुरशी

प्रश्न : श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी आहे. मोरचुदाचं उरलेलं पाणी पिंपात महिनाभर राहिलं, तर वर बुरशीची साय धरली. मोरचूद बुरशीचं औषध ना, मग हे कसं?

उत्तर : ताई, तुम्ही पिंपात डोकावून पाहिलंत याचा मला फार आनंद झाला. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट. तांब्याचा मोठा मारा अचानक झाला, की बुरशीच्या पेशीचं पातळ पटल फाटतं, आतलं पोटॅशियम झिरपून जातं, विकरं (एन्झाइम) बंद पडतात. सावरायला वेळच मिळत नाही. तेच तांबं हळूहळू वाढलं तर ती तयारीला लागते. थोडं तांबं पेशीभित्तीवरच धरून ठेवते. काही बुरश्या ऑक्झॅलिक आम्ल सोडून त्याचे न विरघळणारे स्फटिक करतात. आत शिरलेलं तांबं मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात अडकतं; यीस्टमध्ये तर या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती सापडतात. काही जाती मुळातच चिवट असतात. १९४३ साली स्टार्की आणि वाक्समन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मोरचुदाच्या संपृक्त, तीव्र आम्लधर्मी द्रावणात वाढणाऱ्या बुरश्या नोंदवल्या होत्या.

पण पिंपात बुरशी आली म्हणून बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारायचं सोडू नका. सुपाऱ्या सडवून गळवणाऱ्या कोळेरोगाचा जंतू फायटोप्थोरा खरी बुरशी नव्हेच, पाण्यातल्या शेवाळांचा नातलग; त्याला तांबं अजूनही चांगलं लागू पडतं. फक्त काटकसर म्हणून पातळ फवारू नका. मी एका पावसाळ्यात अर्धं प्रमाण वापरलं आणि श्रावणात झाडांखाली कच्च्या सुपाऱ्यांचा सडा पाहिला. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.