थारच्या मागच्या दाराला पाचवा मोठा टायर: ९५ हजार घालायचे का?

कोल्हापूरजवळच्या उचगावहून एका वाचकानं लांबलचक लिहून पाठवलंय, ते आवरून देतो. "दादा, माझी थार डिझेल, दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी मे महिन्यात चारी चाकं बदलली, १७ इंची रिम आणि २८५/७० मापाचे एटी (ऑल-टेरेन, रस्त्यावर आणि रानात दोन्हीकडं चालणारे) टायर, दीड लाखाला पडले. मागच्या दाराला मात्र अजून कंपनीचंच १८ इंची रिमचं स्पेअर आहे, बारकं दिसतंय आणि ग्रुपमधली पोरं म्हणतात वेळेला हे चालणार नाही. दुकानदार पाचवा टायर २६ हजार, रिम १३, चाक धरायला वेगळा कॅरियर ४८ आणि फिटिंग ८ असे ९५ सांगतोय. कॅरियर नको असेल तर स्पेसर (मधे बसणारी जाड चकती) टाकून दारालाच बसवतो म्हणतोय, मग ४५ मध्ये काम. १ लाख २० हजाराची एफडी आहे ती मोडू, की ६ हजाराची एसआयपी वर्षभर थांबवू, की कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करू? दोघांचा पगार मिळून ८६ हजार, गाडीचा हप्ता २१,४००, घरखर्च ४५ हजार, मुलगी चार वर्षांची. जुनी चार चाकं गच्चीवर ताडपत्रीखाली आहेत. पुराच्या वेळी पण उंच गाडी बरी पडते."

भावा, आधी सांगून टाकतो, मला स्वतःला गाड्यांचा नाद आहे त्यामुळं "कशाला पाहिजे असलं" असं मी म्हणणार नाही. आणि एसआयपी थांबवलीस तर पंधरा वर्षांनी किती लाख गेले ते गणित पण मांडत बसत नाही, ते गणित सगळेच तोंडावर फेकतात आणि ऐकणारा टायर घेतोच.

टायरवर घातलेले दीड लाख गेले, ते या हिशोबात धरायचेच नाहीत. "एवढे घातलेत तर आता पाचव्याला कशाला मागं सरायचं" हेच डोक्यात चाललंय ना तुझ्या? दुकानदाराला पण ते माहीत आहे. आजचा प्रश्न एवढाच आहे की आजपासून पुढं घातलेल्या ९५ हजारात तुला काय मिळतं.

स्पेअर लागतं कधी ते बघू. तुझा रोजचा रस्ता उचगाव ते शिरोली एमआयडीसी, तिथं खिळा घुसला तर ट्यूबलेस आहे, पाचशे रुपयाचं पंक्चर किट आणि दोन-अडीच हजाराचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर असला की वीस मिनिटांत निघतोस. सरकारनं २०२० मध्येच नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टीम आणि रिपेअर किट असेल तर गाडीत स्पेअर नसलं तरी चालतं. खरं स्पेअर लागतं ते साईडवॉल (टायरची बाजू) फाटली तर, तिथं पंक्चरचा प्लग बसत नाही, आणि ती फाटते दगडात. म्हणजे दाजीपूरच्या बाजूला, गगनबावड्याच्या खाली आडरानात, तुझ्याच म्हणण्याप्रमाणं वर्षातनं चार-पाच वेळा, तेही चार गाड्यांच्या ग्रुपमध्ये. त्यातल्या दोघांना तुझ्याच साईजचे टायर असतील आणि नटांचं माप जुळत असेल तर सगळ्यांत मिळून एक मोठं स्पेअर न्यायचं ठरवा की. चार गाड्यांच्या चार दारांना चाळीस-चाळीस किलो लटकवून काय मिरवणूक काढायची आहे?

बारकं स्पेअर चालतच नाही हे मात्र अर्धंच खरं. कंपनीचं २५५/६५ आर १८ उंचीला साधारण ७८९ मिमी, तुझं २८५/७० आर १७ भरतं ८३१ मिमी, म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. (म्हणूनच तुझा ओडोमीटर पण पाच टक्के कमी मोजतोय, ॲव्हरेज पडलं म्हणतोस त्यातलं थोडं खोटं आहे. बाकीचं खरं आहे.) हा फरक घेऊन फोर बाय फोर (चारी चाकांना ताकद) टाकलीस तर गिअर-डिफरन्शियलवर ताण येतो, ते करायचंच नाही. पण टू व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायला ते पुरतं, फक्त ते पुढं लावायचं. मागचा टायर गेला तर पुढचा मोठा काढून मागं लाव आणि बारका पुढं, अर्धा तास जास्त जातो एवढंच. आणि एक गोष्ट आजच बघ, नव्या अलॉय रिमचे नट कंपनीच्या रिमला बसतात का? बऱ्याचदा बसत नाहीत, आणि हे कळतं रात्री नऊ वाजता घाटात. जुने नट एका पिशवीत घालून गाडीतच टाक, फुकटात काम आहे.

आता दाराचा विषय, कारण ४५ हजारवाला पर्याय तुला सगळ्यात गोड दिसत असणार आणि माझ्या मते तोच सगळ्यात महाग आहे. मागचं दार म्हणजे पत्रा, एका बाजूला बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला लॅच. कंपनीनं त्याचा हिशोब त्यांच्या चाकाच्या वजनावर केलेला असतो. तुझं मोठं चाक रिमसकट पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जाईल, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मार्केट यार्डात गूळवाल्या अडत्याची ओळख असेल तर जुनं-नवं दोन्ही चाकं काट्यावर टाकून बघ. नुसतं वजन वाढत नाही, चाक कंपनीच्यापेक्षा तीन सेंटीमीटर जास्त रुंद आहे, बंपरला घासू नये म्हणून वर घ्यावं लागतं आणि स्पेसरनं बाहेर ढकलावं लागतं, म्हणजे बिजागरीवर पडणारा लिव्हर आणखी लांब. वर आपले रस्ते, एका जोरदार आदळीत चाळीस किलोचा झटका शंभर किलोच्या वर जातो. सहा-आठ महिन्यांत दार खाली बसतं, लॅच जुळत नाही, रबरातनं धूळ-पाणी आत यायला लागतं, खडखड सुरू होते, मग वेल्डिंगच्या ठिकाणी पत्रा चिरतो. माझ्या जुन्या जीपला एका गॅरेजनं असंच ब्रॅकेट मारून दिलं होतं, फोंडा घाटात मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय म्हणून मी शिव्या देतोय, आणि तो बिचारा माझं चाक लोंबकळतंय ते सांगत होता. दाराचं काम निघालं की पत्रा, रंग, बिजागऱ्या, आणि वॉरंटीवाला स्पेसर बघून हात वर करणार. गाडी विकताना पण गिऱ्हाईक मोठ्या टायरचे पैसे देत नाही, बसलेल्या दाराचे मात्र कापतो.

कॅरियर म्हणजे चाकाचं वजन दारावरनं काढून मागच्या बंपर-चासीवर नेणारा फिरता हात, तांत्रिकदृष्ट्या बरोबर उत्तर तेच. पण ३९ हजाराच्या चाकाला ५६ हजाराचा कॅरियर आणि फिटिंग, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला झाला की हा. आता तू म्हणशील उद्यमनगरात वीस हजारात बनवून घेतो. तिथली माणसं काय वाट्टेल ते बनवतात, मला शंका नाही, पण चासीला वेल्डिंग मारून घेतलंस तर प्रश्न मजबुतीचा नाही, कागदाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडी मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नंबर प्लेट किंवा ब्रेक लाईट झाकला तर ते वेगळंच. दंडाचं सोड, मला भीती इन्शुरन्सची आहे. मागनं कुणी ठोकलं आणि सर्वेअरनं न कळवलेला बदल बघितला तर क्लेम अडकवायला त्याला आयतं कारण. चार मोठे टायर तरी कळवलेत का कंपनीला? तू लिहिलं नाहीस त्यामुळं मी नाही असंच धरतोय. आणि साध्या पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काहीच मिळत नाही, अपघातात गाडीबरोबर गेला तरच, तोही निम्मा.

पुराचं म्हणतोस तर २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तिथं तुझ्या साधारण ३३ इंची टायरनं पण काही होत नव्हतं. पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुतेक नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन असतो. पंचगंगेच्या काठच्या माणसानं आधी तो घ्यावा, मग टायर बघावा.

पैसे कुठनं आणायचे? एफडीला हात लावायचा नाही. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ६६ हजार जातात, म्हणजे ती एफडी दोन महिने पण पुरत नाही आणि तुझ्याकडं अडीनडीला दुसरं काहीच नाही. ९५ मोडलेस तर २५ हजारावर संसार, घरात लहान पोरगी. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी बसतो, आणि एक हप्ता चुकला की कार्डाचं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. एसआयपीचं तर तू स्वतःच ओशाळून विचारलंयस.

पैसे गच्चीवर पडलेत ना. ती चार चाकं जेमतेम वर्षभर चालली होती, पण ताडपत्रीखाली उन्हानं रबर म्हातारं होतंय, टायरवर आठवडा-वर्षाचे चार आकडे असतात ते गिऱ्हाईक पहिलं वाचतो. दरवर्षी भाव उतरणार. या महिन्यातच काढ, रिमसकट चाळीस हजार आले तरी माझ्या दृष्टीनं चांगलं. आणि २६ हजाराचं कोटेशन दुकानदारानं तुझ्या जुन्या बिलावरनं उचललं असणार, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय, तोच टायर २४ च्या आत बसायला पाहिजे. भांडून घे.

म्हणजे माझं मत असं, पाचवं चाक घ्यायचंच असेल तर गच्चीवरची चार विकून घे, रिम त्याच मापाचा आणि त्याच ऑफसेटचा (रिम किती आत-बाहेर बसतो ते माप), पण दाराला लावू नकोस. दाराला कंपनीचं बारकं राहू दे. ट्रिपच्या दिवशी मागची सीट पाडून मोठं चाक आत आडवं टाक आणि रॅचेट बेल्टनं दोन बाजूंनी करकचून बांध, सैल ठेवलंस तर ब्रेक मारल्यावर ते तुझ्या मानेवर येईल. ट्रिपला बायको-पोरगी नसतात असं तूच लिहिलंयस, त्यामुळं जागेची अडचण नाही. एरवी ते घरात सावलीत ठेव आणि दर आठ-दहा हजाराला पाची चाकं फिरवून लाव, चार टायर पन्नास हजार किमी जाणार असतील तर पाच मिळून साडेबासष्टपर्यंत जातात, म्हणजे पाचव्याचे पैसे नुसते पडून राहत नाहीत. पण हे आत्ताच केलंस तर, जुने अर्धे घासल्यावर पाचवा नवा आणून फिरवता येत नाही.

कॅरियरचं म्हणशील तर महिन्याला तुझ्याकडं १३ हजार ६०० उरतात, निदान हिशोबात तरी. त्यातले ८ एफडीशेजारी टाकत जा, आणि तिथं दोन लाख झाले की मग बोल्टवर बसणारा, वेल्डिंग नसलेला कॅरियर बघू, इन्शुरन्सला लेखी कळवून. तोपर्यंत थार विकून दुसरं काहीतरी घ्यायचं खूळ डोक्यात शिरलेलं असेल, तेव्हा परत लिही. पॉलिसीची रिन्यूअल तारीख कधी आहे तेवढं मात्र आज रात्री बघून कळव.