१५००डीवर फ्लॅश घेताय? आधी हॉट शूच्या मधोमध बघा

भाच्याची मुंज, कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, बजेट दोन-अडीच हजार. दुकानदाराने ‘सगळ्या कॅमेऱ्यांना चालतो’ म्हणून एक मॅन्युअल (उजेडाची ताकद हाताने ठरवायची असा) फ्लॅश दाखवलाय, तो घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय काकांचा रीळवाल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश चालेल का आणि फ्लॅशवर बसवायचा, उजेड पसरवणारा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा का, हेही.

पहिल्याचं उत्तर: घेऊ नका. पैसे देऊन झाले असतील तर आजच परत मागायला जा.

तुमच्या प्रश्नाखाली ग्रुपवरचे इतर सदस्य कुठली कंपनी चांगली यावर बोलतायत. त्यांचं चूक नाही, पण तुमचा कॅमेरा कोणता ते त्यांनी नीट वाचलेलं दिसत नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच आहे, हॉट शू, ती नीट बघा. कॅननच्या १३००डीवर किंवा पहिल्या २००डीवर तिथे चार बारीक ठिपके आणि मधोमध एक मोठा गोल ठिपका असतो. तो गोल म्हणजे मधली पिन. जगातला जवळपास प्रत्येक स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्या एका पिनवर पेटतो. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांत कॅननने ती दिलेलीच नाही. मधे नुसती कोरी जागा आहे. १५००डी आणि ३०००डी २०१८चे, २००डी मार्क टू २०१९चा. हे कॅमेरे फ्लॅशशी फक्त बारीक पिनांतून, कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. एका पिनचा फ्लॅश लावलात तर तो खाचेत छान बसतो, मागचा लाल दिवा लागतो, टेस्टचं बटण दाबलं की लख्ख उजेडही पडतो. फोटो काढताना मात्र ढिम्म.

हे इतक्या खात्रीने सांगतोय कारण माझ्याकडेही १५००डीच आहे आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं. फ्लॅश विकणारा म्हणाला, कॅमेरा बिघडलाय. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला (नाव लिहीत नाही, गावही नाही). त्याने भिंगातून हॉट शूकडे बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, ‘मधली पिन पडलीय. बसवावी लागेल, पार्ट मुंबईहून मागवतो.’ जी पिन कारखान्यातच बसवलेली नव्हती ती पडली कशी, हे विचारायला मला तेव्हा माहिती नव्हती. आगाऊ रक्कम घेतली, कॅमेरा ठेवून घेतला, मग रोज ‘पार्ट आला नाही’. मधल्या मधे आमच्याकडचा साखरपुडा होऊन गेला. फोटो कोणाकोणाच्या मोबाइलवर आहेत, मागितले की ‘पाठवतो’ म्हणतात.

शेवटी भांडून कॅमेरा परत आणला तर नवीनच भानगड. हॉट शूच्या रेलमध्ये एक इवलीशी कळ असते. खाचेत काही सरकवलं की ती दाबली जाते आणि कॅमेऱ्याला कळतं, वर फ्लॅश आहे, आता अंगचा फ्लॅश उघडायचा नाही. या महाशयांनी पत्रा उचकटताना ती कळ दाबलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवली होती. म्हणजे बाहेरचा फ्लॅश चालत नव्हताच, आता आतलाही उठेना. आगाऊ रक्कम ‘तपासणी फी’ म्हणून वळती झाली. पावती नाही.

हे कोडं सोडवलं आमच्या इथल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी. त्यांनी काही उघडलं नाही, चिरफाड केली नाही. कपाटातून स्वतःचा कॅननचा ४३०ईएक्स काढला, माझ्या कॅमेऱ्यावर सरकवला, बटण दाबलं. पेटला. म्हणाले, ‘कुठली पिनबिन पडलेली नाही, तुला फ्लॅश चुकीचा विकलाय.’ त्या एका मिनिटाचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत. म्हणून सांगतो, फ्लॅश पेटत नसेल तर दुरुस्तीच्या दुकानाआधी कोणाचातरी कॅननचा फ्लॅश अर्ध्या मिनिटासाठी लावून बघा, आणि तोवर कोणालाही स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ देऊ नका.

जाता जाता: पावतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलं म्हणजे विषय संपला असं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, आणि पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवस धरले जातात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आता ‘फ्लॅश सदोष नाही, फक्त तुमच्या कॅमेऱ्याला चालत नाही’ असा फाटा दुकानदार फोडणारच, आणि मी वकील नाही. म्हणून पावतीवर ‘१५००डीसाठी’ असं लिहून घ्या. लिहायला कां कू करणारा दुकानदार असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

मग घ्यायचा काय? माझं मत, पटलं तर घ्या. नवा, स्वस्त आणि अनोळखी घेण्यापेक्षा कॅननचा जुना ४३०ईएक्स मार्क टू किंवा थ्री सेकंडहँड बघा. तुमच्या बजेटच्या वर जाईल, पण फ्लॅश कॅमेऱ्यासारखा दर दोन वर्षांनी जुना होत नाही. गोडॉक्स कंपनीचा टीटीएलवाला (कॅमेऱ्याच्या मोजमापावरून उजेड आपोआप ठरवणारा) घ्यायचा तर नावाच्या शेवटी ‘सी’ असलेला, म्हणजे कॅननसाठीचा, उदाहरणार्थ टीटी६८५सी. टीटी६०० हा त्यांचाच, पण एका पिनचा. स्वस्त दिसला म्हणून तो उचलू नका. आणि कुठलाही असो, स्वतःचा कॅमेरा दुकानात नेऊन, लावून, पाच-दहा फोटो काढूनच पैसे द्या. सेकंडहँडमध्ये पुढची काच पिवळी-काळी पडलीय का आणि पूर्ण ताकदीने पेटल्यावर पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतो ते बघा. डोकं वरही वळायला हवं आणि बाजूलाही. कॅननचा छोटा २७०ईएक्स मार्क टू फक्त वर वळतो. कॅमेरा उभा धरला की त्याचा छताशी संबंध संपतो.

गाइड नंबरच्या, म्हणजे फ्लॅशचा उजेड किती लांब पोचतो त्याच्या, आकड्यांना भुलू नका. ४३०ईएक्समधला ४३ हाच त्याचा गाइड नंबर, पण तो फ्लॅशचा झूम १०५ला आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० असताना. झूम ३५ला आणला की तोच आकडा ३१. त्याला एफ नंबरने, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने, भागा की अंतर मिळतं: एफ ५.६ला साधारण साडेपाच मीटर. आयएसओ ४०० केलंत तर अंतर दुप्पट. खोक्यावर ‘जीएन ६०’ असं ठळक लिहिणारे बहुतेक जण तो आकडा २०० झूमवरचा देतात, आणि मुंजीत २०० झूमवर तुम्ही कोणाचा फोटो काढणार?

एका पिनचा फ्लॅश घेऊन झाला असेल आणि परत घेतच नसतील, तर एक जुगाड आहे. त्यावर एस वन, एस टू असे मोड आहेत का बघा. हे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटायचे मोड. फ्लॅश हॉट शूत न लावता बाजूला टेबलावर ठेवा, एस टू निवडा आणि कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश उघडून फोटो काढा. एस टूच का? तुमचा कॅमेरा खऱ्या झोताआधी मोजमापासाठी एक छोटा झोत टाकतो. एस वन त्या पहिल्या झोतालाच पेटून मोकळा होतो, एस टू तो सोडून देतो. घरातल्या खोलीत उत्तम चालतं. कार्यालयात दुसऱ्या कोणी फ्लॅश मारला तरी तुमचा पेटेल, ते सहन करा.

आता मुंजीबद्दल, कारण तिच्या अडचणी लग्नापेक्षा वेगळ्या आहेत. बटूचं डोकं नुकतंच भादरलेलं असतं. समोरून थेट फ्लॅश मारला की टाळूवर पांढराफटक ठिपका येतो आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जात नाही. उजेड छतावर किंवा तुमच्या पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. घरात टक्कल असलेले कोणी काका-मामा असतील तर त्यांना आधीच चहा देऊन खुर्चीवर बसवा आणि सराव करा. गंमत नाही, खरंच सांगतोय.

मी सुरुवात अशी करतो: मोड एम (मॅन्युअल), शटर १/१००, एफ ५.६, आयएसओ ८००, फ्लॅश टीटीएलवर, डोकं सरळ वर न करता थोडं पुढे कललेलं. अगदी सरळ वर केलं की डोळ्यांच्या खोबणी काळ्या येतात. १/१०० यासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची आणि कार्यालयातले एलईडी त्यापेक्षा वेगवान शटरला पट्टे पाडू शकतात. या कॅमेऱ्याची फ्लॅशसोबतची शटरची मर्यादा १/२०० आहे. एव्ही मोड (एफ नंबर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) संध्याकाळी टाळा, तो मागच्या अंधारासाठी शटर लांबवत बसतो आणि सगळं हलतं. कार्यालयाचं छत फार उंच असेल तर आयएसओ १६०० करा. मांडव जांभळ्या-पिवळ्या कापडाचा असेल तर वर उजेड मारूच नका, सगळे पाहुणे काविळीचे दिसतील.

मातृभोजनाला आई बहुधा भरजरी साडीत आणि बटू पांढऱ्यात. टीटीएल पांढरं बघून घाबरतो आणि फोटो काळपट काढतो. फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक एककडे न्या. होमाच्या वेळी फ्लॅश सरळ बंद. धूर उजळतो आणि मागची माणसं धुक्यात जातात. तिथे लेन्स १८ला, एफ ३.५, आयएसओ १६०० ते ३२०० आणि ज्वाळांचाच उजेड. अक्षतांच्या वेळी उलट: फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की उडणारे दाणे हवेत थिजलेले दिसतात. फक्त लेन्ससमोरून जाणारा दाणा मोठा पांढरा गोळा होतो, म्हणून अक्षता टाकणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नका.

सेल रिचार्जेबलच घ्या, निकेल-मेटल हायड्राइडचे, एनेलूपसारखे, चार-चारचे दोन संच. घड्याळातले सेल घातलेत तर मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला फ्लॅश झोपेल. काम झालं की सेल काढून ठेवा.

काकांचा जुना फ्लॅश: तुमच्या कॅमेऱ्यावर बहुधा पेटणार नाही, कारण तोही बहुधा मधल्या पिनेवरचा. काही जुन्या फ्लॅशच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुठल्या डिजिटल कॅमेऱ्यावरही लावून बघू नका. आणि बंद आहे म्हणून उघडू तर अजिबात नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जोरदार झटका द्यायला पुरेल एवढा साठा राहतो.

प्लॅस्टिकचा डबा घेऊ नका. तो छोट्या, पांढऱ्या खोलीत थोडंफार काम करतो. मोठ्या कार्यालयात निम्मा उजेड भलतीकडे उधळून सेल संपवतो. त्याऐवजी पांढऱ्या कार्डशीटचा पोस्टकार्डाएवढा तुकडा फ्लॅशच्या डोक्यामागे रबरबँडने बांधा आणि डोकं छताकडे ठेवा. थोडा उजेड पुढे येतो आणि डोळ्यांत चमक येते. रबरबँड दोन ठेवा, एक नेमका तुटतो.