कुत्रा बाळावर गुरगुरला, आता त्याला सोडून द्यायचं का?

घरात मोठा कुत्रा असतो, बाळ नुकतंच चालायला लागलेलं असतं आणि एक दिवस कुत्रा बाळावर गुरगुरतो. लगेच घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "आजच्या आज सोडून या." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, घरचाच आहे." मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. नवरा-बायको किंवा सासू-सुनेचं भांडण म्हणून आलेलं प्रकरण उलगडत गेलं की मुळाशी कुत्रा निघतो, असं माझ्याकडे आता नेहमीच होतं. त्यातल्या एका घराची ही हकीगत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

अमळनेर तालुक्यातलं शेतकरी घर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली मोठी सून महिना उलटला तरी सासरी परतायला तयार नव्हती. तिचं म्हणणं एका वाक्यात होतं : "टायगर तरी राहील, नाहीतर मी." टायगर म्हणजे लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डचा क्रॉस, वय तीन वर्षं, वजन चाळीस किलोच्या पुढे. धाकट्या दिराने हौसेने पिल्लू आणलं आणि वर्षभरात तो नोकरीला पुण्याला निघून गेला. कुत्रा मागे राहिला. त्याचं खाणंपिणं, अंगणातली घाण, पावसाळ्यातला वास हे सगळं सुनेच्या वाट्याला आलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये दुपारी ओसरीत खाटेखाली टायगर पडला होता. दोन वर्षांचा नातू खाटेखाली शिरला आणि त्याच्या मागच्या पायावर रेलला. टायगर गुरगुरला, ओठ वर करून दात दाखवले. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काठी घेऊन त्याला बदडला. पुढे आठ-पंधरा दिवस तो बाळाजवळ गप्प असायचा. सगळ्यांना वाटलं, सुधारला. मग एका संध्याकाळी बाळाने पुन्हा त्याच पायाला धरलं आणि टायगरने आवाजसुद्धा न करता झडप घातली. बाळाच्या दंडावर दाताचा ओरखडा उठला.

हा क्रम मी इथे मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण बहुतेक घरांत तो असाच घडतो. कुत्रा एकदम चावत नाही. आधी तो तोंड फिरवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्याच्या कडेने बघतो, उठून दुसरीकडे जातो. हे कोणाच्या लक्षात आलं नाही की गुरगुरतो. रेल्वे फाटकावरची घंटा काढून टाकली म्हणून गाडी यायची थांबत नाही, तसंच या गुरगुरण्याचं आहे. मारून ते बंद करता येतं, पण त्यामागची भीती किंवा दुखणं जागच्या जागी राहतं. पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट दात लावतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका. मूल शांतपणे उचला, कुत्र्याला वाट मोकळी करून द्या आणि तो कशामुळे गुरगुरला ते शोधा.

त्या संध्याकाळी ओरखड्यावर घरच्यांनी हळद आणि चुना लावला होता. हे कधीही करू नका. दात लागला, रक्त आलं नसलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून थांबायचं नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. पुढचे डोस किती आणि कधी हे डॉक्टर ठरवतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून इथे मी कोणाचीच भीड ठेवत नाही. सुनेने दुसऱ्या दिवशी बाळाला नेऊन लस सुरू केली होती, एकटीने.

"एकटीने" हा शब्द तिने माझ्यासमोर तीनदा उच्चारला. मी तिला आधी एकटीलाच बोलावलं होतं. ती कुत्र्याबद्दल बोलेल असं वाटत होतं, पण ती बोलली त्या संध्याकाळच्या पहिल्या वाक्याबद्दल. बाळ रडत होतं आणि नाना म्हणाले होते, "पोरानेच काहीतरी केलं असेल." नवरा शेजारी उभा होता आणि काहीच बोलला नाही. टायगर गेला पाहिजे हा तिचा हट्ट मुळात या दोन गोष्टींबद्दल होता. शिवाय टायगरचा तिला रागही नव्हता. "दोन वेळची भाकरी मीच टाकते ना त्याला, मला का तो नकोसा होईल? पण माझ्या लेकराची बाजू घरात कोणीच घेतली नाही," असं म्हणताना ती रडली.

नाना आले तेव्हा हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाले, "तो काई करस नई, नुसता गुरगुरस." त्यांचं टायगरवर फार प्रेम. धाकटा मुलगा गेल्यापासून रात्री खळ्यावर त्यांच्यासोबत तोच असतो. त्यांना मी एवढंच विचारलं, की त्या दिवशी दात बाळाच्या दंडाऐवजी डोळ्याला लागला असता तर? बराच वेळ ते गप्प राहिले. मग पिशवी खाली ठेवून बसले.

उपाय सांगण्याआधी मी एक अट घातली. आधी पशुवैद्याला दाखवायचं. मी पशुवैद्य नाही आणि दुखण्यामुळे चिडणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं. दोन्ही वेळा बाळाने मागचाच पाय धरला होता, त्यामुळे मला शंका होती. एक्स-रे निघाला आणि खुब्याचा सांधा सैल असल्याचं दिसलं. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड, दोन्ही जातींत हा आजार बराच आढळतो. क्रॉस आहे म्हणजे काटक असणार, ही समजूत इथे कामाला येत नाही. दोन्हीकडून एकच दुखणं येऊ शकतं. त्यात दूध-भाकरी आणि तुपाचे लाड होऊन वजन वाढलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाणं मोजून द्यायला सांगितलं आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीही द्यायची नाही अशी सक्त ताकीद दिली. या गोळ्या कुत्र्याला विषारी ठरतात. कांदा-लसणाची उरलेली शेवभाजी भाकरीत कुस्करून घालणंही बंद केलं. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो.

मधल्या काळात कोणीतरी ओळखीच्या माणसाला कुत्रा शिकवायला आणलं. त्याने टायगरला उताणा पाडून गळा दाबायला सांगितलं, "मालक कोण ते कळलं पाहिजे" म्हणून. मी ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. कळपाचा म्होरक्या बनून कुत्र्यावर सत्ता गाजवायची, ही कल्पना 1947 साली रूडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासापर्यंत जाते. एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडले तर ते भांडणारच. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं, की त्यांचा कळप म्हणजे आई-वडील आणि पोरं, एक कुटुंबच. खुबा दुखणाऱ्या चाळीस किलोच्या जनावराला उताणं पाडणं क्रूर तर आहेच, आणि त्याच्या दाताजवळ आपला चेहरा नेऊन ठेवणंही आहे.

मग घराची पाहणी केली. तिथे मला नेहमीचीच गोष्ट दिसली. टायगरला नाना "आठे ये" म्हणत, दीर सुट्टीला आला की "कम", सून "इकडे ये". नाना ताटातला घास देत, सून स्वयंपाकघरात आला की लाटणं उगारत असे, दीर त्याला दोन पायांवर उभं करून अंगावर घेत असे. कुत्रा अवज्ञा करत नव्हता, त्याला घरात एक नियम कधी मिळालाच नव्हता. सगळ्यांनी मिळून तीन शब्द ठरवले : "ये", "जागेवर", "सोड". ऐकलं की त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा, आणि तो त्याच्या रोजच्या खाण्यातून वजा. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं पुरतात. नाना पहिल्यांदा ताठ बसले होते, पण "जागेवर" म्हटल्यावर टायगर खरंच गोणपाटावर जाऊन बसला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

सगळ्यांत महत्त्वाचं काम मात्र कुत्र्याला शिकवण्याचं नव्हतं. ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये लोखंडी जाळीचं फाटक बसवलं. बाळ आणि टायगर एका जागी असतील तर मधे मोठं माणूस हवं, तेही मोबाइल बाजूला ठेवून. माणूस नसेल तर फाटक बंद. टायगरचं गोणपाट आणि खाण्याचं ताट असलेल्या कोपऱ्यात बाळाला मज्जाव. इथे मी "बघू या, किती विश्वासू आहे ते" असला एकही प्रयोग करू देत नाही. दोन वर्षांच्या मुलाला कुत्र्याचं ताठ अंग वाचता येत नाही, त्यामुळे जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची. फाटकाची देखरेख मी नवऱ्याकडे दिली. त्याला काहीतरी करायला मिळावं हाही हेतू होता. गप्प बसणाऱ्या माणसाला सल्ल्यापेक्षा काम द्यावं, असं माझं मत आहे.

आणि ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यात लोक त्याला फिरवणं सोडतात आणि दिवसभर साखळीला बांधतात. तीन महिने साठलेली ताकद मग कुठेतरी निघणारच. पहाटे पाचला, डांबर गार असताना फिरवा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. सांधा दुखतो म्हणून पळवू नका, हळू चालू द्या आणि वाटेत मनसोक्त हुंगू द्या, त्याने कुत्रा शांत होतो. ओढणाऱ्या कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवर कडी असलेला हार्नेस बरा. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा ठिकाणी त्याला टाकून देणंही याच कायद्यात बसतं. "नदीपलीकडे सोडून या" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला मी हे ऐकवलं.

प्रत्येक घरात कुत्रा राहू शकतोच असं मी सांगणार नाही. एकाच खोलीचं घर असेल, फाटक पाळायला माणूस नसेल, किंवा कुत्र्याने खोल चावा घेतला असेल, तर त्याच्यासाठी लहान मूल नसलेलं घर शोधावं आणि नव्या माणसाला खरं काय घडलं ते सांगावं. या घरालाही मी स्पष्ट सांगितलं होतं, की फाटक पाळलं गेलं नाही तर मी सुनेच्या बाजूने उभी राहीन.

ती परत आली ती माझ्या सांगण्यावरून नव्हे. नाना स्वतः तिच्या माहेरी गेले आणि तिच्या वडिलांसमोर म्हणाले, "त्या दिवशी मी पोराला बोल लावला, ते चुकलं." फाटक तोवर बसलं होतं. टायगरचं वजन उतरलं, तो उठताना आता कण्हत नाही. बाळाजवळ त्याला अजूनही मोकळं सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

श्रावणात सुनेचा फोन आला. कानबाईच्या सणाला रोटांच्या नैवेद्यासाठी सगळे भाऊबंद घरात जमणार होते, वीस-पंचवीस माणसं आणि त्यांची पोरं. टायगरला मागच्या खोलीत बंद करू का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, अनोळखी पोरं दार उघडतात, बाहेरून कडी लावा किंवा त्याला घरापासून दूरच ठेवा. ती म्हणाली, मग नाना दोन दिवस त्याला घेऊन मळ्यात झोपतील, त्यांनीच तसं सुचवलं आहे, आणि गोळ्यांची पुडी तिने आधीच बांधून ठेवली आहे.