जपानी शिकायचं म्हणतेस तर

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. एकतिशी उलटली, ऐरोलीचं ऑफिस, ठाण्याला घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, आता जपानी कुठे डोक्यात शिरणार असं विचारलंयस. शिरेल गं, नक्की शिरेल.

मुलं भाषा पटकन उचलतात हे अर्धंच खरं आहे. 1978 साली एक अभ्यास छापून आला होता, नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचा, आणि त्यात डच शिकताना पहिल्या काही महिन्यांत मोठी माणसं नि टीनएजर अगदी छोट्या मुलांच्या पुढे होते. मुलं नंतर गाठतात ते वेगळं. आणि आपले विनोबा, इथले शेजारचेच, पेणजवळच्या गागोद्याचे, त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चारही भाषा चाळिशी ओलांडल्यावर वेल्लोरच्या तुरुंगात शिकून घेतल्या.

अमेरिकेचं परराष्ट्र खातं जपानीसाठी साधारण 2200 तासांचे क्लास धरतं, तो आकडा वाचून घाबरू नकोस, तो इंग्रजीवाल्यांसाठी आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्या ला, चा, हून सारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, म्हणजे वाक्याची मांडणी तुझ्या अंगवळणी पडलेलीच आहे. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, मात्र घाम काढते, तिथे शॉर्टकट नाही.

आधी हिरागाना ही जपानीची साधी लिपी घे, मूळ 46 अक्षरं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिठ्ठ्या कर, एका बाजूला अक्षर, मागे उच्चार, आणि जे अडलं ते उद्या परत, जे आलं ते तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलंय की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि थोडं थोडं अंतर ठेवून उजळणी केली की टिकतं. एका बैठकीत दोन तास बसण्यापेक्षा ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये जाता-येता जी दहा-दहा मिनिटं मिळतात ती खरी कामाची.

पण मला कळकळीने सांगायचंय ते दुसरंच, माणूस शोध. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा जुलैत आणि डिसेंबरमध्ये असते, तिची सगळ्यात सोपी पातळी एन फाइव्ह जरूर दे, पण त्या परीक्षेत बोलायची टेस्टच नसते, त्यामुळे सर्टिफिकेट हातात आणि तोंडातून चकार शब्द नाही अशी पोरं मी खूप बघितलीत आणि दर वेळी जीव हळहळतो. मी मल्याळम शिकले ती वाशीच्या आमच्या शेजारच्या चेचींमुळे, चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई. त्या ओट्यापाशी नारळ खवता खवता बोलायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यांच्या भाषेत एक आवाज आहे, आपल्या ळ च्या जवळचा, पण जीभ मागे वळते आणि टाळूला टेकत नाही, तो मला ऑडिओ ऐकून कधी कळलाच नाही, त्यांनी तोंड उघडून जीभ दाखवली तेव्हा कळला.

ऑफिसात जपानी क्लायंटचे कॉल असतात म्हणालीस ना? मग पुढच्या कॉलला नाव आणि काम एवढी दोन वाक्यं जपानीत बोल, टीम लीडला आधी सांगून ठेव. समोरचे सुधारतील ते लगेच वहीत उतरव. आणि कॉल झाला की मला फोन कर, रात्री नऊनंतर मी मोकळीच असते.